उशिरा उभे राहिलेले रोम

स्टॉकहोमच्या पॅराडॉक्स या कंपनीचा ‘इम्परेटर: रोम’ हा स्ट्रॅटेजी गेम २५ एप्रिल २०१९ रोजी बाजारात आला. त्याची वर्षभर वाट पाहिलेले हजारो खेळाडू त्या संध्याकाळी संगणकासमोर बसले. काही दिवसांतच ‘स्टीम’ या खेळांच्या ऑनलाइन दुकानातले ग्राहकांचे अभिप्राय बहुतांशी नकारात्मक झाले. समीक्षकांनी खेळाला बरे गुण दिले होते. पदरचे पैसे मोजणाऱ्यांनी मात्र अंगठा खाली केला. पुढची दोन वर्षे कंपनीने हा खेळ पायापासून उकरून पुन्हा बांधला. तो खरोखर चांगला झाला त्याच सुमारास त्यावरचे काम थांबले. तरीही तो खेळणारे, सुधारणारे आणि त्याच्या पुनरागमनाची वाट पाहणारे लोक आजही आहेत. गेमिंगच्या जगात फसलेले लाँच नवे नाही. पण निराशा आणि आशा एकमेकींना किती घट्ट धरून असतात, हे या एका खेळाच्या कहाणीत जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच कुठे दिसते.

हा खेळ ज्या प्रकारात मोडतो त्याला ‘ग्रँड स्ट्रॅटेजी’ म्हणतात. त्यात बंदूक घेऊन धावणारा नायक नसतो. समोर एक प्रचंड नकाशा असतो आणि खेळाडू एखाद्या राज्याची सूत्रे हाती घेतो. कर किती लावायचा, कुणाशी तह करायचा, कोणत्या प्रांतावर कोणता सुभेदार नेमायचा, सैन्य कुठून कुठे न्यायचे, हे सगळे त्याने ठरवायचे. घड्याळ सतत चालू असते, मात्र हवे तेव्हा थांबवता येते. ‘जिंकलो’ असा ठरावीक क्षण नसतो. खेळाडू स्वतःच ध्येय ठरवतो आणि त्यामागे लागतो. एक डाव संपायला पन्नास-साठ तास सहज लागतात, आणि नियम अंगवळणी पडायलाच त्यातले पहिले काही तास जातात. म्हणून या प्रकारचा खेळ घेणारा माणूस पैशापेक्षा वेळ जास्त गुंतवतो. पुढच्या कित्येक महिन्यांच्या संध्याकाळी त्याने मनातल्या मनात या खेळाच्या नावे लिहून ठेवलेल्या असतात. निराशा एवढी खोल का जाते, याचे पहिले कारण इथे आहे.

‘इम्परेटर’ने निवडलेला काळही मोहात पाडणारा होता. खेळ सुरू होतो रोमच्या स्थापनेपासून मोजलेल्या ४५०व्या वर्षी, म्हणजे इसवी सनापूर्वी ३०४ मध्ये, आणि संपतो इसवी सनापूर्वी २७ मध्ये, ऑगस्टस सत्तेवर स्थिरावतो तेव्हा. सुरुवातीला रोम हे इटलीतले एक उगवते प्रजासत्ताक आहे. अलेक्झांडरला जाऊन एकोणीस वर्षे झाली आहेत आणि त्याचे सेनापती साम्राज्याचे तुकडे ओढत आहेत: अँटिगोनस, सेल्युकस, टॉलेमी, लायसिमॅकस, कसँडर. नकाशा ब्रिटनपासून भारतापर्यंत पसरलेला आहे, दख्खनसकट. चंद्रगुप्ताचे मौर्य साम्राज्य पूर्वेची महासत्ता म्हणून उभे आहे. हाच तो काळ, जेव्हा सेल्युकसने चंद्रगुप्ताशी तह केला आणि त्या बदल्यात मिळालेले पाचशे हत्ती पुढे इसवी सनापूर्वी ३०१ च्या इप्ससच्या लढाईत उतरवले. मराठी घरातल्या मुलाने शालेय पुस्तकात दोन ओळींत वाचलेला हा प्रसंग नकाशावर स्वतः घडवता यावा, हे आकर्षण लहान नव्हे. पाटलीपुत्रापासून रोमपर्यंतचे जग एकाच डावात, एकाच वेळी जिवंत असेल, असे आश्वासन हा खेळ देत होता.

अपेक्षेला आणखीही आधार होते. पॅराडॉक्सने २००८ मध्ये ‘युरोपा युनिव्हर्सालिस: रोम’ नावाचा छोटा खेळ काढला होता. तो फारसा गाजला नव्हता, पण प्राचीन जगाचा असा खेळ पुन्हा यावा ही मागणी दहा वर्षे जिवंत होती. नव्या खेळाची सूत्रे योहान अँडरसन यांच्याकडे होती आणि ते या शैलीच्या घडणीतले सर्वांत महत्त्वाचे नाव. शिवाय कंपनीचा मागचा अनुभवही आशा वाढवणारा होता. २०१२ चा ‘क्रुसेडर किंग्ज २’ आणि २०१३ चा ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ हे खेळ वर्षानुवर्षे नव्या विस्तारांनी वाढत गेले होते. २०१६ मध्ये आलेल्या ‘स्टेलारिस’चा मधला टप्पा सुरुवातीला रिकामा वाटत असे, दोन वर्षांनी कंपनीने त्याचे मूळ नियमच बदलले आणि तो खेळ बहरला. पॅराडॉक्सचा खेळ पहिल्या दिवशी कच्चा असतो आणि पुढे पिकतो, हे खेळाडू पाहून पाहून शिकले होते. ‘इम्परेटर’कडे ते याच सवयीने आले.

मग नेमके बिघडले कुठे? खेळ सतत बंद पडत होता किंवा पडद्यावर चित्रे तुटत होती, अशातला मुख्य प्रकार नव्हता. नकाशा तर इतका देखणा होता की टीकाकारांनीही त्याचे कौतुक केले. दोष होता रचनेत, आणि त्याचे खेळाडूंच्या बोलीतले नाव आहे ‘माना’. हा शब्द मूळचा पॉलिनेशियन. जादूच्या खेळांमध्ये मंत्र टाकायला लागणाऱ्या शक्तीच्या साठ्याला तो वापरतात. ‘इम्परेटर’मध्ये असे चार साठे होते: लष्करी, वक्तृत्वाचा, नागरी आणि धार्मिक. राज्यकर्त्याच्या अंगच्या चार गुणांनुसार ते दर महिन्याला भरत, आणि राज्यातले बहुतेक प्रत्येक काम त्यातून खर्च करून होई. शेजारच्या प्रांतावर हक्क सांगायचा? वक्तृत्व खर्च करा. नवा शोध लावायचा? नागरी शक्ती द्या. सैन्याची नवी परंपरा हवी? लष्करी साठ्यातून घ्या. देवांचा कौल मागायचा? धार्मिक शक्ती मोजा.

कागदावर हे नीटस वाटते. प्रत्यक्षात त्यामुळे इतिहासाचा जीवच गेला. या खेळात प्रत्येक शहरात लोकसंख्येचे छोटे घटक असतात, ज्यांना ‘पॉप’ म्हणतात: नागरिक, स्वतंत्र लोक, टोळीवाले, गुलाम. प्रत्येकाला आपला धर्म आणि आपली संस्कृती असते. ही कल्पना अतिशय समृद्ध आहे. जिंकलेल्या प्रदेशातली माणसे हळूहळू रोमन कशी होतात, की होतच नाहीत, हा त्या काळाचा गाभ्याचा प्रश्न, आणि तो खेळात उतरवायला पॉप हेच योग्य साधन होते. पण पहिल्या आवृत्तीत साठ्यात पुरेशी शक्ती असली की एक बटण दाबायचे आणि पॉपचा धर्म त्याच क्षणी बदलायचा. ज्याला प्रत्यक्षात तीन-चार पिढ्या लागल्या असत्या ते एका क्लिकचे काम झाले. राज्यकर्ता हुशार निघाला तर साठे भरभरून वाहत, मंद निघाला तर खेळाडू हात चोळत पुढच्या महिन्याची वाट पाहत बसे. विचार करण्याजोगे फार थोडे उरले होते. ज्याला राज्य चालवायचे होते त्याच्या हाती पानवाल्याची उधारीची वही आली.

याच्या भोवती इतर उणिवा होत्या. युद्धनौकेचा एकच प्रकार होता, त्यामुळे कार्थेज आणि रोमच्या झुंजीतला समुद्र अगदीच सपाट वाटे. राज्या-राज्यांत फरक कमी जाणवे: गॉलमधली टोळी, सिसिलीतले ग्रीक नगर आणि मगधाचा सम्राट यांच्याकडून खेळताना बटणे तीच, क्रमही तोच. दरबारातल्या माणसांची संख्या भरपूर होती, पण त्यांची नावे लक्षात राहावीत असे काही घडत नसे. आणि मानाची पद्धत ही खेळाडूंची जुनी दुखरी नस होती. ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’मध्ये अशाच तीन शक्ती होत्या आणि त्यावर वर्षानुवर्षे तक्रारी झाल्या होत्या. पुढच्या खेळात ही पद्धत मागे पडेल असे वाटत असताना तीनाच्या चार शक्ती होऊन ती समोर आली. लाँचपूर्वी कंपनी दर आठवड्याला खेळाच्या घडणीची माहिती देत होती आणि तेव्हाही अनेकांनी हीच हरकत घेतली होती. आपण सांगितले होते आणि ऐकले गेले नाही, ही भावना साध्या अपेक्षाभंगापेक्षा फार जास्त बोचते.

या रागाचे स्वरूप समजून घ्यायचे तर स्टीमची व्यवस्था पाहावी लागते. तिथे विकत घेतलेला खेळ चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. धावण्या-मारण्याच्या खेळाला दोन तास पुरतात. ग्रँड स्ट्रॅटेजीत दोन तासांत माणूस अजून कोणते बटण कशासाठी हेच शिकत असतो. रचनेतला पोकळपणा दहाव्या-पंधराव्या तासाला जाणवतो, तेव्हा परतीचा दरवाजा बंद झालेला असतो आणि अभिप्राय लिहिणे एवढेच हातात उरते. अभिप्रायाशेजारी स्टीम खेळलेले तासही दाखवते. म्हणून या खेळांच्या पानांवर ‘दोनशे तास खेळलो, शिफारस करत नाही’ असे अभिप्राय आढळतात. बाहेरच्या माणसाला यात विसंगती दिसते. पण दोनशे तास देणारा माणूस खेळ आवडत नाही म्हणून चिडलेला नसतो. खेळ जसा व्हायला हवा होता तसा तो त्याला स्पष्ट दिसत असतो. खेळाविषयीचे सर्वांत कडवे शब्द बहुधा त्याच्यावर सर्वांत जास्त जीव असलेल्यांचे असतात.

दुसरी अडचण तुलनेची. नव्या खेळाची गाठ पडते ती त्याच कंपनीच्या जुन्या, वाढलेल्या खेळाशी. २०१९ मध्ये ‘युरोपा युनिव्हर्सालिस ४’ सहा वर्षांचा झाला होता आणि त्यात डझनाहून जास्त विस्तारांची भर पडली होती. पहिल्या दिवशीचा ‘इम्परेटर’ त्यापुढे ओकाबोका दिसणे अटळच होते. अर्थात, हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. आशय कमी असला की खेळाडू थांबायला तयार असतो. पाया चुकीचा वाटला की तो निघून जातो.

असे खेळ कच्चे का उतरतात यालाही एक तांत्रिक कारण आहे. स्ट्रॅटेजी गेममध्ये शेकडो राज्ये एकाच वेळी निर्णय घेत असतात आणि त्यांचे परिणाम एकमेकांत गुंतत जातात. संगणकाच्या हातातली राज्ये शहाणपणाने वागतात की नाही हे तपासायचे तर आधी सगळे नियम पक्के व्हावे लागतात, आणि नियम तर अखेरपर्यंत बदलत असतात. त्यामुळे हा भाग नेहमी शेवटी येतो आणि त्यालाच वेळ कमी पडतो. शिवाय कंपनीतले मूठभर परीक्षक महिनोन्महिने खेळून जेवढे पाहतात, त्याच्या कैकपट पहिल्या शनिवार-रविवारी हजारो ग्राहकांना दिसते. मात्र मानाचा दोष यात बसत नाही. तो नजरचुकीने राहिलेला दोष नव्हता, विचारपूर्वक केलेली निवड होती. म्हणून दुरुस्तीही साधी नव्हती.

इथून पुढची दोन वर्षे हा या कहाणीचा सर्वांत उमदा भाग आहे. कंपनीने अपडेटना त्या काळातल्या माणसांची नावे दिली. जून २०१९ मध्ये ‘पाँपी’ आला. नौकांचे वेगवेगळे प्रकार त्यात आले. सप्टेंबरमध्ये आलेल्या ‘सिसेरो’ने पायालाच हात घातला: चारही शक्ती काढून टाकल्या. लाँच होऊन पाच महिने झाले नाहीत तोच मुख्य यंत्रणा मोडीत काढायला फार मोठे मन लागते, कारण तिला जोडलेली शेकडो समीकरणे नव्याने लिहावी लागतात. आता पॉपचा धर्म आणि संस्कृती महिन्यामहिन्याने, हळूहळू बदलू लागली. खेळाडूने हुकूम सोडण्याऐवजी परिस्थिती घडवायची होती: सुभेदाराला धोरण द्यायचे, शहरात इमारती बांधायच्या आणि वाट पाहायची. काळाला पुन्हा वजन आले. डिसेंबरच्या ‘लिव्ही’सोबत प्युनिक युद्धांवरचा भाग फुकट दिला गेला. मार्च २०२० मधल्या ‘आर्किमिडीज’ने धर्माची रचना बदलली, ऑगस्टमधल्या ‘मेनांडर’ने संस्कृतींची. जिंकलेल्या लोकांना कोणते हक्क द्यायचे आणि आपल्या लोकांची त्यावर नाराजी किती ओढवून घ्यायची, हा प्रश्न आता खेळाडूपुढे खरोखर उभा राहिला. पहिल्या आवृत्तीत एका क्लिकवर मिटणारी गोष्ट आता साम्राज्य घडवू किंवा मोडू शकत होती.

सर्वांत मोठा बदल फेब्रुवारी २०२१ मध्ये आला. २.० या आवृत्तीचे नाव होते ‘मारियस’, आणि ते विचार करून ठेवलेले दिसते. भूमिहीनांना सैन्यात घेऊन रोमच्या फौजेचा चेहरा बदलल्याचे श्रेय परंपरेने गायस मारियसला दिले जाते. या आवृत्तीतही सैन्यच बदलले. आता स्वतःची फौज पैसे टाकून विकत घेता येत नव्हती. युद्ध आले की आपल्याच लोकांमधून, त्यांच्या संस्कृतीप्रमाणे, जमाव उभा राहायचा. कोणते पॉप राज्यात सामावले आहेत त्यावर सैन्यात कोण येणार हे ठरायचे. कायदे बदलत गेले की खडी सैन्यदले उभारता येत आणि त्यांच्या सेनापतींची निष्ठा ही नवी डोकेदुखी होत असे. खेळाचा सगळा दर्शनी भागही नव्याने रचला गेला. ‘अलेक्झांडरचे वारस’ हा विस्तार याच दिवशी आला. लोकसंख्या, सैन्य, राजकारण आणि संस्कृती हे धागे पहिल्यांदाच एकमेकांत विणले गेले होते. अभिप्रायांचा रंग बदलला. ज्यांनी दोन वर्षांपूर्वी शिव्या घातल्या होत्या त्यांतल्या कित्येकांनी परत येऊन आपले मत बदलले.

आणि दोनच महिन्यांनी, २०२१ च्या वसंतात, कंपनीने जाहीर केले की ‘इम्परेटर’वरचे काम थांबवून त्याचा चमू इतर प्रकल्पांवर जात आहे. नव्या आशयाचे काम पुन्हा सुरू झाले नाही.

यात कुणी खलनायक शोधण्यात अर्थ नाही. या प्रकारचे खेळ विस्तार विकून जगतात, आणि विस्तार तेच घेतात जे रोज खेळतात. पहिल्या काही आठवड्यांत निघून गेलेले लोक दुरुस्तीची बातमी ऐकून परत येतात, पण सगळे येत नाहीत, आणि जे येतात ते एकदम येत नाहीत. खेळाची दुरुस्ती हे वर्षांचे काम. कंपनीचा हिशेब तिमाहीचा. दोन घड्याळे वेगवेगळ्या गतीने चालत होती. ‘मारियस’ आला तोवर दुसऱ्या घड्याळाने वेळ संपल्याचे सांगितले होते. खेळाडूंचे दुःख मात्र पहिल्या लाँचपेक्षा इथे जास्त खरे होते, असे म्हणावे लागेल. २०१९ मध्ये त्यांच्या हातून एक कल्पना निसटली होती. २०२१ मध्ये समोर उभा असलेला, श्वास घेऊ लागलेला खेळ गेला.

शेवट असाच व्हायला हवा होता असे नाही, हे रोमवरच्याच दुसऱ्या एका खेळाने दाखवले आहे. इंग्लंडच्या हॉर्शम गावातल्या क्रिएटिव्ह असेंब्ली या कंपनीचा ‘टोटल वॉर: रोम २’ ३ सप्टेंबर २०१३ रोजी आला. २००४ च्या पहिल्या ‘रोम’ने अनेक देशांतल्या मुलांना प्राचीन इतिहासाचे वेड लावले होते, आणि नव्या खेळातल्या कार्थेजच्या वेढ्याची भव्य झलक आधीच दाखवून झाली होती. हाती आलेल्या खेळात तटाखाली आलेले सैन्य शिडी न लावता नुसतेच उभे राहत असे, मोकळ्या मैदानातल्या लढाईतही ध्वज काबीज करण्याची सक्ती असे, आणि ११७ राज्यांच्या चाली होईपर्यंत खेळाडूला मिनिटेच्या मिनिटे बसून राहावे लागे. पहिल्या खेळात असलेली घराण्याची वंशावळ नव्या खेळात नव्हतीच. कंपनीचे क्रिएटिव्ह डायरेक्टर माइक सिम्पसन यांनी जाहीर माफी मागितली आणि दुरुस्त्यांचा धडाका सुरू झाला. सप्टेंबर २०१४ मध्ये ‘एम्परर एडिशन’ ही सुधारित आवृत्ती जुन्या ग्राहकांना फुकट मिळाली. वंशावळ यायला ऑगस्ट २०१८ उजाडला, म्हणजे पाच वर्षे. पण ती आली. फरक असा की ‘रोम २’ सदोष असूनही प्रचंड खपला होता. दुरुस्तीचा खर्च पेलायला घर भरलेले होते. तिथला दोषही मुख्यतः अंमलबजावणीचा होता, मूळ कल्पनेचा नव्हता.

‘इम्परेटर’च्या बाबतीत कंपनीने सोडलेली जागा खेळाडूंनी घेतली. मॉड म्हणजे खेळाच्या फाइलींत हौशी लोकांनी केलेली भर किंवा बदल. पॅराडॉक्सचे खेळ यासाठी मोकळे ठेवलेले असतात. ‘इन्विक्टस’ या नावाचा मॉड एका स्वयंसेवी गटाने हाती घेतला. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ ‘अजिंक्य’. ज्या राज्यांना मूळ खेळात स्वतःची अशी कथा नव्हती त्यांना तिथे उद्दिष्टे मिळाली, नवे प्रसंग मिळाले, नकाशात बारकावे आले. पगार नाही, विक्री नाही. दिवसभराचे काम उरकून रात्री ग्रीक नगरांची नावे आणि टोळ्यांच्या वसाहती पडताळणारी ही माणसे. आज ‘इम्परेटर’ नव्याने घेणाऱ्याला अनुभवी खेळाडू पहिला सल्ला देतात तो ‘इन्विक्टस’ बसवण्याचा.

२०२४ मध्ये खेळाला पाच वर्षे होत असताना चाहत्यांनी एकमेकांना पुन्हा खेळ उघडण्याचे आवाहन केले. एकाच वेळी खेळणाऱ्यांचा आकडा वाढला तर कंपनीचे लक्ष जाईल, इतका साधा हिशेब होता. आकडा वाढला. आणि तीन वर्षांच्या शांततेनंतर २.०.४ ही आवृत्ती आली. किरकोळ दुरुस्त्या, नवा आशय काही नाही. तरीही ज्यांनी वाट पाहिली होती त्यांना ती फार मोठी वाटली, आणि त्यात नवल नाही.

खेळाच्या रचनेतला धडा मात्र दूरवर गेला. योहान अँडरसन यांनी २०२० मध्ये बार्सिलोनाजवळ पॅराडॉक्सचा टिंटो हा नवा स्टुडिओ सुरू केला. फेब्रुवारी २०२४ पासून त्यांनी एका अनाम खेळाच्या रचनेची चर्चा खेळाडूंशी दर आठवड्याला उघडपणे सुरू केली. खेळाचे नाव जाहीर व्हायला तेव्हा वर्षाहून अधिक अवकाश होता. नकाशे दाखवले जात, चुका विचारल्या जात, आणि बदल करायला अजून वेळ हाताशी असे. तो खेळ ‘युरोपा युनिव्हर्सालिस ५’ या नावाने ४ नोव्हेंबर २०२५ रोजी आला. त्यात राज्यकर्त्याच्या शक्तींचे साठे नाहीत. त्याच्या केंद्रस्थानी आहेत पॉप: धर्म, संस्कृती आणि वर्ग असलेली, हळूहळू बदलणारी माणसे.